बांधावरची हजेरी आणि चार चिनी गुरू

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.)

मागे वाऱ्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. मी घरच्या ओट्यावर बसून बोलतेय. अलिबाग तालुका, धरमतर खाडीचा काठ, म्हणजे आमचा खारेपाट. समोर भातशेत, त्यापुढे बांध आणि बांधापलीकडे खाडी.

आज बोलायचंय प्राचीन चीनमधल्या चार विचारपंथांबद्दल. कन्फ्यूशियस, मोझी, हान फेई आणि लाओत्से. पण त्याआधी मी मोबाइलवर केलेल्या एका खोट्या नोंदीबद्दल सांगते. दोन्हींचा संबंध आहे.

गेल्या पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. खारेपाटाबाहेरच्यांसाठी थोडं सोपं करून सांगते. आमच्याकडे शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध असतो. भरतीचं खारं पाणी बाहेर, भात आत. बांधाला उघाडी असते, म्हणजे पाण्याचं दार. पावसाचं गोडं पाणी ओहोटीला त्यातून बाहेर सोडायचं आणि भरती लागली की दार बंद. खेकड्यांनी बिळं केली, कुठे माती खचली, की उधाणाचं पाणी नेमकं तिथूनच घुसतं. बांधाला पडलेलं ते भगदाड म्हणजे खांड. आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते ओसरून भागत नाही, मीठ मातीत राहतं. ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर भात विसरायचा.

पूर्वी हे बांध राखायला जोळपद्धत होती. एका बांधाआड ज्यांची ज्यांची शेतं, ते सगळे मिळून बांध राखायचे. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला, आणि जबाबदारी हळूहळू जोळाकडून सरकारकडे गेली. पण उधाण काही अर्ज मंजूर व्हायची वाट बघत नाही. त्या रात्री देवळात बैठक बसली आणि जुनीच रीत बाहेर काढली. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस, ओहोटी लागली की घरटी एक माणूस बांधावर. जो येणार नाही त्याला पाचशे रुपये दंड. दंडाच्या पैशातून गोण्या आणि दगड.

हजेरी कोण घेणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेली पोरगी, हातात मोबाइल. तू घे.

दोन दिवस काम चाललं. चिखल, पेंढा, गोण्या, आरडाओरडा. दुसऱ्या संध्याकाळी भरती लागायच्या आत खांड बुजली. मी यादी पुरी करायला बसले. फक्त दोन घरांतून कोणी आलं नव्हतं. एक गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी आजी. मुलगा बाहेरगावी, गुडघे गेलेले. तिच्यापुढे मी लिहिलं, गैरहजर. दुसरं घर माझ्या सख्ख्या काकांचं. काका धडधाकट, दोन्ही दिवस घरीच होते. त्यांच्यापुढे मी लिहिलं, हजर.

विचार करून लिहिलं असं नाही. बोट आपोआप गेलं. यादी ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी अंगठे दाखवले, विषय संपला.

माझ्यापुरता मात्र संपला नाही. कारण त्याच आठवड्यात या पॉडकास्टसाठी मी चिनी तत्त्वज्ञान वाचत होते आणि पहिल्याच दिवशी एक मेंढी आडवी आली.

गोष्ट अशी. शे नावाच्या प्रांताचा अधिपती कन्फ्यूशियसला कौतुकाने सांगतो, आमच्याकडे एक माणूस इतका सरळ आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने स्वतः बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस त्याला सांगतो की आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो. तिथे बाप मुलाला झाकतो आणि मुलगा बापाला, आणि सरळपणा त्यातच असतो.

वाचून पहिल्यांदा मला हायसं वाटलं. चला, अडीच हजार वर्षांपूर्वीचा एवढा मोठा माणूस माझ्या बाजूने आहे! मग दुसऱ्या मिनिटाला आजी आठवली. तिला झाकायला कोण होतं?

तेव्हापासून या चौघांना मी पुस्तकातल्या धड्यासारखं वाचू शकले नाही. प्रत्येकाला एकच विचारत राहिले, की माझ्या यादीचं काय करू? ऐकायला जरा पोरकट वाटेल, पण त्यांचा मूळ प्रश्न याहून फार लांबचा नव्हता. कन्फ्यूशियसचा काळ इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९. चौ घराण्याचा जुना राजा नावापुरता उरला होता आणि राज्यं एकमेकांवर उठली होती. पुढची अडीचशे वर्षं लढाया वाढतच गेल्या. त्या काळाचं नावच पडलं ‘लढणाऱ्या राज्यांचा काळ’. म्हणजे जुना जोळ मोडला होता आणि नवा बसला नव्हता. अशा वेळी माणसं एकत्र कशाने राहतील? आपलं काम सोडून सगळ्यांच्या बांधावर माणूस का जाईल?

कन्फ्यूशियसचं उत्तर होतं, लाजेने. लाज म्हणजे भीती नव्हे, मनाची लाज. त्याचं म्हणणं असं, की हुकूम आणि शिक्षा यांनी लोकांना हाकलंत तर ते शिक्षा चुकवायला शिकतील, पण त्यांना लाज वाटणार नाही. चांगलं वागून दाखवलंत आणि रीतीने वागायची सवय लावलीत तर लाजही वाटेल आणि माणूस आपणहून सुधारेल. या रीतीला चिनी शब्द आहे ‘ली’. त्यात पितरांची पूजा येते, तसंच थोरांसमोर कसं बसावं, पाहुण्याला कसं वाढावं हेही येतं. आणि रीत शिकायची शाळा म्हणजे घर. ज्याला स्वतःच्या बापाबद्दल काही वाटत नाही, त्याला गावाबद्दल काय वाटणार? म्हणून माया घरापासून सुरू होते आणि बाहेर पसरत जाते. घरच्यांवर जास्त, गाववाल्यांवर त्याहून कमी, परक्यांवर आणखी कमी. त्याच्या परंपरेतला पुढचा मोठा माणूस मेन्शियस. तो सांगतो की लहान मूल विहिरीत पडताना दिसलं तर कोणाच्याही काळजात धस्स होतं, मूल कोणाचं हे आपण विचारत नाही. म्हणजे बी प्रत्येकात आहेच, रीत त्याला पाणी घालते.

ठीक. पण ही माया घरापासून निघून आमच्या गावाच्या टोकापर्यंत पोचलीच नाही. वाटेतच आटली. त्याचं काय?

नेमका हाच प्रश्न मोझीने विचारला. मोझी कन्फ्यूशियसनंतरचा, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातला. त्याच्या लिखाणात सुतार, चाकं, दोऱ्या, मापं सारखी येतात. दरबारापेक्षा कारागिरांच्या जवळचा माणूस वाटतो. तो म्हणतो, सगळ्या भांडणांचं मूळ या ‘माझं घर, तुझं घर’ मध्ये आहे. चोर स्वतःच्या घरावर माया करतो म्हणूनच दुसऱ्याचं फोडतो. राजा आपल्या राज्यावर माया करतो म्हणूनच शेजारच्या राज्यावर चालून जातो. तेव्हा मायेला पायऱ्या नकोत, सगळ्यांचं हित सारखं धरा. सुताराला गुण्या लागतो, तसं एकच माप सगळ्यांना.

आणि हा माणूस नुसता बोलत नव्हता. चू नावाचं बलाढ्य राज्य सुंग नावाच्या छोट्या राज्यावर हल्ला करणार असं कळल्यावर तो दहा दिवस, दहा रात्री चालत चूच्या राजाकडे गेला, अशी कथा आहे. तिथे त्याने चूच्या नामांकित कारागिरासमोर खेळातलं युद्ध मांडलं. त्या कारागिराच्या हल्ल्याच्या सगळ्या युक्त्या संपल्या तरी मोझीच्या बचावाच्या संपल्या नाहीत. वर राजाला सांगितलं, की मला मारलंत तरी माझे तीनशे शिष्य सुंगच्या तटावर आधीच उभे आहेत. हल्ला टळला. परतताना सुंगच्या वेशीपाशी पाऊस लागला, मोझी आडोसा मागायला गेला, तर पहारेकऱ्याने त्याला आत घेतलं नाही. ज्यांचं गाव वाचवलं त्यांनी ओळखलंही नाही.

मोझीचं उत्तर, सगळ्यांच्या फायद्याने. आपल्या खारेपाटाला हे फार परकं नाही. इथून जवळच चरी गाव आहे. १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने २५ गावांच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. शेतं ओस टाकली, उपासमार सोसली, पण १९३९ पर्यंत संप टिकवला. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. एवढी वर्षं नुसत्या ‘माझ्या घराचं बघतो’ या हिशोबाने कोणी टिकत नाही.

पण मोझीच्या मापाला धारही आहे. त्याच्या पंथाच्या एका प्रमुखाची कथा वाचली. त्याच्या एकुलत्या एका मुलाने खून केला. राजा म्हणाला, तू म्हातारा आहेस, दुसरा मुलगा नाही, मी त्याला सोडतो. त्याने नकार दिला. आमच्या पंथात खुनाला मृत्युदंड आहे, म्हणाला, आणि मुलाला मरू दिलं. मेंढीची गोष्ट आणि ही गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. मी ठेवून बघितली आणि मोबाइल पालथा घातला.

आता तिसरा, हान फेई. हा सगळ्यात उशिराचा, इसवी सनापूर्वी २३३ मध्ये गेला. याच्या पंथाला कायदेवादी म्हणतात. हा मेंढीवाल्याची गोष्ट स्वतः घेतो आणि जोडीला एक सैनिक आणतो. तो सैनिक तीनदा लढाईतून पळाला. का, तर घरी म्हातारा बाप, मी मेलो तर त्याला कोण बघेल? हान फेईच्या गोष्टीत कन्फ्यूशियस त्या सैनिकाचं कौतुक करतो. आणि हान फेई म्हणतो, बापाचा गुणी मुलगा तो राजाचा पळपुटा शिपाई. दोन्ही एकदम जमत नाही, उगाच गोड बोलू नका. त्याचं उत्तर, दंडाने आणि बक्षिसाने. माणसं चांगली असतील या भरवशावर राज्य चालवू नका. नियम लिहा, सगळ्यांना दाखवा, सगळ्यांना सारखा लावा.

त्याच्या आधीच्या शांग यांगने हे छिन राज्यात करून दाखवलं होतं. नवे कायदे लावण्याआधी त्याने बाजाराच्या दक्षिण वेशीपाशी एक ओंडका ठेवला आणि जाहीर केलं, हा उत्तर वेशीपाशी नेईल त्याला दहा मोहरा. कोणाचा विश्वास बसेना. मग रक्कम पन्नास केली. एकाने नेला, त्याला लगेच पन्नास दिल्या. लोकांना कळलं, हा बोलतो ते करतो. मग घरांचे पाच-पाच, दहा-दहाचे गट केले. एकाने गुन्हा केला आणि बाकीच्यांनी कळवलं नाही तर सगळ्यांना शिक्षा. छिन राज्य बलाढ्य झालं आणि इसवी सनापूर्वी २२१ मध्ये त्याने सगळा चीन जिंकला.

आमचा पाचशेचा दंड हा हान फेईचाच. आणि खरं सांगते, त्याच्याशिवाय पहिल्या दिवशी साठ घरांतली चाळीसच आली असती. दंडाला हसू नका.

पण हान फेईचीच आणखी एक गोष्ट आहे. एक राजा दारू पिऊन झोपला. त्याची टोपी सांभाळणाऱ्या नोकराने, थंडी वाजेल म्हणून, त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. राजा उठला, त्याला बरं वाटलं, विचारलं कोणी घातलं? मग त्याने दोघांना शिक्षा केली. पांघरूणवाल्याला, काम केलं नाही म्हणून. टोपीवाल्याला, आपलं नसलेलं काम केलं म्हणून. हान फेईला हे योग्य वाटतं.

हे वाचलं त्याच दुपारी आई सहज बोलून गेली की खांड बुजवायला जो पेंढा लागला, त्यातले चार भारे आजीच्या माळ्यावरचे होते. तिने शेजारच्या पोराला हाक मारून दिले होते. मी यादी उघडली. हजर, गैरहजर, दंड. पेंढ्याचा रकानाच नव्हता.

कायद्याचं असंच होतं. शांग यांगवर पुढे राजाची खप्पामर्जी झाली, तो पळाला. रात्री एका खानावळीत गेला तर मालक म्हणाला, ओळख पटल्याशिवाय कोणाला ठेवायचं नाही असा शांग यांगचा कायदा आहे. हान फेई छिनच्या तुरुंगात मेला. आणि सगळा चीन जिंकणारं छिन घराणं पंधरा वर्षांत बुडालं.

राहिला चौथा, लाओत्से. तो कधी होऊन गेला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्याच्या नावाच्या पुस्तकातला काही मजकूर १९९३ मध्ये एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर सापडला आणि त्या पट्ट्या साधारण तेवीसशे वर्षं जुन्या आहेत. हा बाकीच्या तिघांकडे बघून हसतो. त्याचा रोख असा, की घरात फूट पडली की मगच मायबापांच्या सेवेची प्रवचनं सुरू होतात, आणि कायदे वाढले की चोर वाढतात. म्हणजे तुमच्यावर यादी करायची वेळ आली, तिथेच काहीतरी बिघडलं होतं. चांगला राजा कोणता, तर ज्याचं काम झाल्यावर लोक म्हणतात, हे आमचं आम्हीच केलं. आणि जोर लावू नका, पाण्याकडे बघा. पाण्याइतकं मऊ काही नाही, पण कठीणाला तेच झिजवतं.

मला वाटलं होतं, बांधावर बसून लाओत्से वाचायला मजा येईल. पण मजा गेली, कारण लाओत्से हुबेहूब माझ्या काकांसारखा बोलत होता.

हो, शेवटी मी काकांकडे गेले. त्याला कारण कन्फ्यूशियसच. मेंढीच्या गोष्टीवर थांबले असते तर सुटले असते. पण त्याच पुस्तकात दुसऱ्या ठिकाणी तो सांगतो की आईबाप चुकत असतील तर त्यांना हळुवारपणे सांगावं, त्यांनी ऐकलं नाही तरी आदर सोडू नये. म्हणजे बाहेर झाकायचं असेल तर आत बोलावं लागतं. मी नुसतंच झाकलं होतं.

काका पडवीत जाळं शिवत होते. मी म्हटलं, काका, मी तुम्हाला हजर लिहिलंय. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, पानी कोनाचा आयकत नाय.” त्यांचं शेत चार वर्षं पडीक आहे. मागच्या खांडीत मीठ शिरलं ते निघालंच नाही, आता त्यात तिवरं उगवलीत. म्हणाले, दर वर्षी चिखल टाकायचा, दर वर्षी खाडीने न्यायचा, किती दिवस? येऊ दे पाणी. मी जिताड्याचं तळं करीन. जे माझं राहिलंच नाही, ते राखायला मी का येऊ?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मी त्यांना कामचुकार समजत होते आणि ते चार वर्षं एक प्रश्न घेऊन एकटेच बसले होते. बैठकीत तो कोणी विचारला नव्हता. मी एवढंच म्हटलं, काका, हे बैठकीत बोला. पण यादी मी बदलणार. आजीला दंड आणि तुम्हाला नाही, हे मला झोपू देत नाही.

ते रागावले. घरचं पोर ना तू, म्हणाले. मी यादी बदलली, ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं की पहिली नोंद मी चुकीची केली होती. अंगठे आले नाहीत. दोन दिवस कोणीच काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी काकी आली, हजार रुपये ठेवून गेली. पाचशे आमचे आणि पाचशे आजीचे, असं काकांनी सांगितलंय म्हणाली. काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण पुढच्या बैठकीला आले, आणि तळ्याचं बोललेही. त्यावर भांडण झालं, निर्णय झाला नाही. आजीचे पाचशे परत देऊन यादीत एक नवा रकाना केला. हाताने नाही, तर कशाने.

आता तुम्ही विचाराल, चौघांतला बरोबर कोण? चीननेही एकाला निवडलं नाही. छिननंतरच्या हान घराण्याने कन्फ्यूशियसला मानाची जागा दिली, पण कारभारात कायद्याची चौकट बरीचशी ठेवली. लाओत्सेची वाट चालू राहिली. पंथ म्हणून विझला तो मोझीचाच, ज्याला वेशीपाशी आत घेतलं नव्हतं.

मला एवढंच कळलं, की दंडामुळे माणूस बांधावर येतो, पण पेंढा दंडामुळे येत नाही. आजीला कोणी मागितला नव्हता. आणि तो पेंढा दिसायला हवा असेल तर आपल्या माणसाला आणि परक्याला एकाच मापाने मोजणारं कोणीतरी यादीपाशी लागतं. ते काम अवघड आहे. मला पहिल्या वेळी जमलं नाही.

येत्या अमावास्येला पुन्हा उधाण आहे. हजेरी मीच घेणार आहे. तुमच्या सोसायटीत, मंडळात, घरात अशी एखादी यादी असेल आणि त्यात तुमच्या काकांचं नाव असेल, तर तुम्ही काय लिहिलं ते मला पाठवा. खरं ते पाठवा. भेटू पुढच्या भागात.